फुलपाखरांच्या बागेत एक कामगार

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात, शिरड शहापूर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते जिनिंग मिलमध्ये कामगार असून वस्तीतील जुने कार्यकर्ते आहेत.)



वर्धापन दिनाला मी दरवर्षी बोलतो आणि दरवर्षी तेच बोलतो. मजुरीचे दर, लेकरांचं शिक्षण, दारू. तुम्हाला ते पाठ झालेलं आहे. यंदा कमिटीच्या पोरांनी विषय विचारला तेव्हा मी सांगितलं, "फुलपाखरं." पोरं एकमेकांकडं पाहू लागली. एकानं हळूच विचारलं, "काका, तब्येत बरी आहे ना?" तर मित्रहो, तब्येत बरी आहे. हा विषय मी हौसेखातर घेतलेला नाही. आपल्या विहाराच्या आवारासंबंधी मला आज एक मागणी करावयाची आहे, आणि त्या मागणीपर्यंत यायला फुलपाखरांच्या वाटेनंच यावं लागतं. तेव्हा थोडा वेळ मला सांभाळून घ्या.

मी शिकलो सातवीपर्यंत. पुढं जे काही वाचलं ते वाचनालयात आणि रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत. तीस वर्षं जिनिंगमध्ये काढली. ज्यांनी जिनिंग आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाडीतून कापूस उतरतो, ढिगावरून जिनवर जातो, सरकी खाली पडते आणि रुई पुढं जाते. मग ती रुई प्रेसमध्ये दाबतात. एका गाठीत १७० किलो रुई बसते. उरलेली रुई कुठं जाते? ती आमच्या नाकात, डोळ्यांत आणि डोक्यावर बसते. संध्याकाळी घरी आलो की लेकरं म्हणायची, बाबा म्हातारे झाले. आता खरोखरच केस पांढरे झाले, त्यामुळे कोणी हसत नाही.

आमचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि उन्हाळ्यात संपतो. हंगाम बंद म्हणजे हजेरी बंद, आणि हजेरी बंद म्हणजे दुसरीकडं मजुरी. त्यामुळे सुट्टी हा शब्द आम्हाला ठाऊक आहे, पण सुट्टीत करायचं काय ते ठाऊक नाही. मी चैत्यभूमीला गेलो, दीक्षाभूमीला गेलो, मोर्चाला गेलो, लग्नाला आणि मातीला गेलो. नुसतं हिंडायला म्हणून कधी घराबाहेर पडलो नव्हतो. गेल्या वर्षी पहिल्यांदा पडलो. लेक ठाण्याला दिलेली आहे. तिनं हट्टच धरला. सप्टेंबरच्या शेवटी, हंगाम लागायच्या आधी, मी आणि आमच्या घरच्या एस.टी.नं परभणीला गेलो आणि तिथून रात्रीच्या गाडीनं ठाण्याला.

नात सहावीत आहे. शाळेतून तिला प्रकल्प दिला होता, फुलपाखरांचे फोटो काढून वहीत चिकटवायचे. जावयानं आपला जुना डिजिटल कॅमेरा काढून माझ्या गळ्यात अडकवला आणि म्हणाले, "मामा, रविवारी तुम्हीच घेऊन जा तिला." जिनिंगमध्ये मी भल्याभल्या मशिनी खोललेल्या आहेत, पण तो कॅमेरा हातात घेताना बोटं थरथरत होती.

ठाण्यात घोडबंदर रस्त्याला ओवळा नावाचं गाव आहे. आता दोन्ही बाजूंनी उंच इमारती झाल्या आहेत, पण एका बाजूला येऊरच्या डोंगराचं जंगल आहे. तिथं ओवळेकर वाडी म्हणून फुलपाखरांची बाग आहे. राजेंद्र ओवळेकर या गृहस्थांनी आपल्या घरच्या सुमारे दोन एकर शेतजमिनीवर ती उभी केली. ज्या रस्त्यावर फूटभर जमिनीला सोन्याचा भाव आहे, तिथं माणसानं दोन एकर पाखरांसाठी ठेवावेत, ही गोष्टच मला आधी पटेना. मी मनात म्हटलं, असेल काहीतरी तिकिटाचा धंदा. मोठं जाळीचं घर असेल आणि आत पाखरं कोंडलेली असतील.

तशाही बागा असतात. बंगळूरजवळ बन्नेरघट्टा इथं २००६ साली मोठ्या घुमटाखाली फुलपाखरांची बाग झाली. आत उष्णता आणि ओल सांभाळतात, कारखान्यात सांभाळतात तशी. विलायतेत थंडी फार, म्हणून तिथली मंडळी काचेची घरं बांधतात आणि उष्ण देशांतून फुलपाखरांचे कोष विकत आणतात. तेही पाहण्यासारखं असतं, मी त्याला नावं ठेवत नाही. पण ओवळ्याला जाऊन पाहतो तर जाळी नाही, घुमट नाही, काच नाही. वर उघडं आभाळ. पाखरं येत होती, बसत होती, जात होती. शंभरावर जातींची फुलपाखरं तिथं नोंदली गेली आहेत, आणि त्यातलं एकही कोंडून ठेवलेलं नाही.

मग ती येतात कशाला? हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला. त्याचं उत्तर मला दुपारपर्यंत मिळालं, पण आधी माझी फजिती ऐका.

आत गेल्यावर एक भलं मोठं काळं पाखरू दिसलं. पसरलेले पंख माझ्या पंजाएवढे, काळ्यावर निळी झाक मारलेली. नात ओरडली, "आबा, राणी पाकोळी!" इंग्रजीत त्याला ब्लू मॉर्मन म्हणतात, मराठीत नीलवंत असंही नाव आहे. २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं त्याला राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं. फुलपाखराला असा मान देणारं आपलं राज्य देशात पहिलं. शेकरू, हरियाल, जारूळ यांच्या रांगेत ते जाऊन बसलं. मला यातलं काही माहीत नव्हतं. नातीला माहीत होतं.

मी कॅमेरा घेऊन त्या राणीच्या मागं धावलो. ती फुलावर बसली की मी पोहोचायचो, मी पोहोचलो की ती उठायची. चप्पल चिखलात रुतली. तासाभरात शंभरेक फोटो काढले. सावलीत बसून पाहिले तर कुठं नुसतं फूल, कुठं पाखराची शेपटाकडची बाजू, कुठं काळा फराटा. एका फोटोत माझाच अंगठा. तिथं माहिती सांगणारा एक तरुण होता, तो हसला नाही. त्यानं जे समजावलं ते मी लेकरांसाठी इथं सांगतो, कारण आता तुमच्याही घरी मोबाइल आहेत आणि मोबाइलवरही हे सगळं जमतं.

पहिली गोष्ट, पाखराच्या मागं धावायचं नाही. एक चांगलं फुललेलं झाड बघायचं आणि तिथं गप्प उभं राहायचं. दुसरी, आपली सावली त्याच्यावर पडू द्यायची नाही. वरून सावली पडली की त्याला वाटतं, पक्षी आला. तिसरी, सकाळी लवकर जायचं. फुलपाखराच्या अंगात आपल्यासारखी स्वतःची ऊब नसते. रात्री ते गार पडतं, आणि सकाळी उन्हात पंख पसरून अंग तापवतं. तेवढा वेळ ते जागचं हलत नाही. चौथी, उभ्यानं वरून फोटो काढायचा नाही. गुडघे टेकायचे, त्याच्या डोळ्याच्या पातळीला यायचं, आणि पंख जसे असतील त्याला समोरासमोर कॅमेरा धरायचा. म्हणजे सगळा पंख साफ येतो, नाहीतर एक कड साफ आणि बाकी धूसर. आणि पाचवी, राणी पाकोळीसारखी मोठी पाखरं मध घेतानासुद्धा पंख फडफडवत राहतात. तिथं शटर फार जलद ठेवावं लागतं, आणि तरीही दहातला एकच फोटो हाती लागतो. तो एक आला की बाकीचे नऊ गेल्याचं दुःख करायचं नाही.

मी गुडघे टेकले. आयुष्यभर मशीनपुढं उभा राहिलेला माणूस मी, कोणापुढं गुडघे टेकायचे नाहीत असं तुम्हाला सांगत आलेला. तिथं एका पाखरासाठी टेकले, आणि मला त्यात काही कमीपणा वाटला नाही.

आता खरी गोष्ट सांगतो. एका कोपऱ्यात कढीपत्त्याचं झाड होतं. नातीला फोटो दाखवायला म्हणून मी तिथं थांबलो. पानावर काळपट-पांढरं काहीतरी होतं, पाखराची शीट पडावी तसं. मग ते हललं. अळी! माझा हात आपोआप पुढं गेला. आंगठा आणि बोट, दोन्हीच्या मध्ये धरायची आणि चिरडायची. विचार केला नाही. विचार करायची गरजच पडत नाही, इतकी ती सवय जुनी. लहानपणी आम्ही मायबापाबरोबर तुरीत जायचो. खाली पोतं अंथरायचं, झाड हलवायचं, अळ्या पडतात त्या गोळा करून मारायच्या. त्याचेच पैसे मिळायचे. त्या पैशाची पाटी आणि पेन्सिल आलेली मला आठवते.

नातीनं माझं मनगट धरलं. म्हणाली, "आबा, तीच राणी पाकोळी आहे."

खरोखर ती त्याच राणीची अळी होती की तिच्या जातीतल्या दुसऱ्या फुलपाखराची, हे मला आजही सांगता येणार नाही. कढीपत्ता, लिंबू, बेल या झाडांवर त्या कुळातली तीन-चार फुलपाखरं अंडी घालतात आणि लहानपणी त्यांच्या अळ्या सारख्याच दिसतात, पाखराच्या शिटेसारख्या. कोणी खाऊ नये म्हणून तसं रूप. मोठी झाली की ती हिरवीगार होते, आणि डिवचली तर डोक्यामागून लालसर शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. पण मला त्या वेळी यातलं काही सुचलं नाही. मला एवढंच दिसलं, की सकाळपासून ज्याच्या मागं मी कॅमेरा घेऊन धावत होतो, त्यालाच मी बोटानं चिरडायला निघालो होतो.

आणि माझ्या प्रश्नाचं उत्तरही तिथंच होतं. त्या बागेत पाखरं का येतात? फुलांसाठी येतात हे अर्धंच खरं. फुलातला मध कुठंही मिळतो. ती येतात पानांसाठी. फुलपाखराच्या मादीला पायानं चव कळते. ती पानावर उतरते, पायानं चाचपते, आणि आपल्या लेकराला जे पान पचेल त्याच झाडावर अंडं घालते, दुसऱ्या झाडावर नाही. ते पान नसेल तर तिथं लेकरू नाही, आणि लेकरू नाही तर फुलपाखरू नाही. ओवळेकर वाडीत नेमकं तेच केलेलं आहे. ज्याची त्याची झाडं लावली, आणि पानं कुरतडलेली दिसली तरी फवारणी केली नाही. कोणालाही बोलावणं धाडावं लागलं नाही.

आंब्याच्या फांदीवर बांडगूळ होतं. आम्ही कार्यकर्ते भाषणात ऐतखाऊ माणसाला बांडगूळ म्हणतो. मीही शेकडो वेळा म्हटलं असेल. तिथं कळलं, की हळदीकुंकू नावाचं फुलपाखरू, ज्याच्या पंखाखाली पिवळा आणि लाल रंग अगदी मळवट भरावा तसा असतो, त्याची अळी बांडगुळाच्याच पानांवर वाढते. पुढच्या भाषणाला मला दुसरी शिवी शोधावी लागणार.

इथं थोडं इतिहासातलं सांगतो. कॅमेरा नव्हता तेव्हा ही गोष्ट लोकांना कशी कळली? युरोपात पुष्कळ लोक समजायचे, की किडे चिखलातून आणि घाणीतून आपोआप होतात. जर्मनीत १६४७ साली मारिया सिबिला मेरियन नावाची बाई जन्मली. विद्यापीठाचं दार बायांना बंद होतं. ती तेरा वर्षांची असल्यापासून घरात अळ्या पाळायची, रोज पाहायची आणि चित्र काढायची. वयाच्या बावन्नाव्या वर्षी, म्हणजे जवळपास माझ्या वयाला, १६९९ साली ती धाकट्या मुलीला घेऊन बोटीनं दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली. १७०५ साली तिचं पुस्तक निघालं. त्यात एकेका पानावर झाड, त्या झाडावरची अळी, कोष आणि फुलपाखरू, सगळं एकत्र काढलेलं. कोण कोणाच्या आधारानं जगतं ते तिनं चित्रातून दाखवलं.

त्याच पुस्तकात तिनं शंकासुराचं झाड काढलेलं आहे. आपल्या आवारात पाण्याच्या टाकीजवळ जे लाल-पिवळं फुलतं तेच. त्याच्याखाली तिनं लिहून ठेवलं, की मळ्यावरच्या गुलाम बाया या झाडाच्या बिया खाऊन गर्भ पाडतात, कारण आपलं लेकरू गुलाम व्हावं हे त्यांना नको असतं. ही गोष्ट त्या बायांनीच तिला सांगितली होती. भगिनींनो, फुलपाखरांचं पुस्तक म्हणून वाचायला घ्यावं आणि त्यात हे निघावं. झाड निरखून पाहणाऱ्या माणसाला त्या झाडाखाली उभं असलेलं माणूसही दिसतं, एवढं मला त्यावरून कळलं. फुलपाखरं बघणं म्हणजे पोट भरलेल्यांची चैन, असं मी समजत होतो. ते मत मी बदललं.

आता गावाकडं येतो.

परत आल्यावर मला चैन पडेना. कॅमेरा जावयाला परत दिला होता, पण लेकानं घेऊन दिलेला मोबाइल होता. सकाळी विहाराचं आवार झाडायला मी येतो हे तुम्हाला माहीत आहे. झाडून झालं की दहा मिनिटं मागच्या भिंतीकडं उभा राहू लागलो. वीस वर्षं मी ती जागा झाडतोय. तिथं काय आहे हे वीस वर्षांत मी पाहिलं नव्हतं.

भिंतीला लागून रुई आहे. लोक म्हणतात जंगली, विषारी, चीक डोळ्यात गेला तर आंधळं करतं. खरं आहे, डोळ्याला ती वाईटच, लेकरांनी हात लावू नये. पण त्याच रुईच्या पानाखाली एक नारिंगी फुलपाखरू एकेक अंडं घालतं. प्लेन टायगर त्याचं इंग्रजी नाव, मराठीत बिबळ्या कडवा. त्याची अळी काळ्या, पांढऱ्या आणि पिवळ्या पट्ट्यांची, अंगावर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. ती रुईचाच चीक आणि पान खाऊन वाढते. तो कडूपणा तिच्या अंगात मुरतो आणि पुढं पाखराच्या अंगातही राहतो. पक्ष्यानं एकदा खाल्लं की तो ओकतो आणि पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. दुसरं एक फुलपाखरू आहे, छोटा चांदवा. त्याच्या अंगात कडूपणा काही नाही, पण त्याची मादी हुबेहूब बिबळ्या कडव्याचा रंग घेऊन फिरते आणि वाचते. ज्या झाडाला आपण विषारी म्हणून उपटून टाकतो, त्याच्या जिवावर दोन कुळं जगतात.

आयुष्यभर मी एका रुईनं खोकलो, आणि म्हातारपणी दुसऱ्या रुईनं माझ्या नजरेला काम दिलं.

त्या अळीचा मी रोज एक फोटो काढला. वस्तीतली सात-आठ लेकरं माझ्याबरोबर यायला लागली. पंधरा दिवस ती खात राहिली. एका सकाळी पानाखाली उलटी टांगलेली दिसली, दुसऱ्या दिवशी तिथं हिरवा कोष, वर सोन्याचे ठिपके. ही समोर बसलेली लेकरं साक्षीला आहेत. मग आठ-दहा दिवस काहीच नाही. लेकरं कंटाळली. मी म्हटलं, थांबा. एका सकाळी कोष पारदर्शक झालेला दिसला आणि आत नारिंगी पंख. ते बाहेर आलं तेव्हा पंख चुरगळलेले होते, धुऊन पिळलेल्या धडप्यासारखे. तासभर ते टांगून राहिलं, पंख भरले, सुकले. आणि ते आपल्या विहाराच्या भिंतीवरून पलीकडं हळदीच्या शेतात गेलं. त्याचा फोटो साफ आलाय. पण ते उडतानाचा नाही आला, कारण तेव्हा मोबाइल खाली धरला होता आणि मी नुसता बघत होतो.

मग आम्ही आवार नीट पाहिलं. कढीपत्ता आणि लिंबाच्या झाडावर तीच शिटेसारखी अळी सापडली. पावसाळ्यात उगवणारा तरोटा, ज्याची भाजी आपण खातो, त्यावर पिवळी लहान फुलपाखरं अंडी घालतात. एरंडावर एक जात, बाभळीवर एक, कन्हेरीवर एक. आपल्या पिंपळाच्या पानावरसुद्धा एका काळसर फुलपाखराची अळी वाढते. हापशाजवळ सांडपाण्याची ओल असते, तिथं दुपारी पिवळी-पांढरी फुलपाखरं गर्दी करून बसतात. ती ओल्या मातीतला क्षार शोषून घेतात, आणि त्यात बहुतेक नर असतात. आपण नाक मुरडून ती जागा ओलांडतो.

आता तुम्ही म्हणाल, काका, अळीचं कौतुक पुरे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला तेव्हा तुम्ही कुठं होता? मी जिनिंगमध्ये होतो, मित्रहो. सरकीतून निघालेल्या अळ्या माझ्या पायाखाली होत्या. पुढं जिनिंगमध्ये कामगंध सापळे लावले, त्यात अडकलेले पतंग मी माझ्या हातानं काढले आहेत. बारीक, करडा, रात्री फिरणारा पतंग तो. त्याचा आणि या फुलपाखरांचा संबंध नाही. फुलपाखराच्या मिशीला टोकाशी गाठ असते, पतंगाच्या मिशीला तशी नसते. तेवढं पाहिलं तरी बहुधा फरक कळतो. शेताचं नुकसान करणारी अळी आहे, तिचा बंदोबस्त करावाच लागतो, मी नाही म्हणत नाही. पण रुईवरची अळी कापसावर जात नाही. कढीपत्त्यावरची सोयाबीनवर जात नाही. ज्याचं त्याचं पान ठरलेलं आहे.

आणि त्याच २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विष अंगात जाऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मेले. पाठीवर पंप कोणाच्या असतो, हे या सभेत सांगण्याची गरज नाही. अळी दिसली की मार, झाड दिसलं की फवार, ही सवय आपल्या हाताला लावली गेली, आणि तिची किंमत आपल्याच छातीनं दिली. म्हणून म्हणतो, ओळखायला शिका. कोणती मारायची आणि कोणती सोडायची हे ज्याला कळतं, तो निम्मं विष वाचवतो.

आता मागणी.

आवारात सगळीकडं गट्टू बसवायचे, मागची झाडी काढायची, हापशाजवळ सिमेंटचा ओटा करायचा, असा आपल्या कमिटीचा ठराव झालेला आहे. त्या ठरावावर माझी सही आहे. पहिली सही माझी आहे. चिखल होतो, पाहुणे येतात, बरं दिसत नाही, म्हणून मीच तो विषय मांडला होता. तेव्हा मी दुसऱ्या कोणाला दोष देऊ शकत नाही. पोरांनी वर्गणी जमा केली, उन्हातान्हात घरोघर हिंडले. त्यांच्या मेहनतीवर पाणी टाकायला मी उभा नाही.

माझं म्हणणं एवढंच, की समोर गट्टू बसवा. पाराभोवती बसवा, म्हाताऱ्या बायांना चालायला सोपं होईल. पण मागच्या भिंतीला लागून दहा फुटांची पट्टी मातीची राहू द्या. तिथली रुई, कढीपत्ता, लिंबू, शंकासुर राहू द्या. रुईला लेकरांचा हात लागू नये म्हणून पुढून तारेचं कुंपण मी स्वतः करीन. हापशाच्या ओट्याचं पाणी नालीत न सोडता त्या पट्टीत सोडा. औषध मारायचं नाही. पानं कुरतडलेली दिसतील, ती दिसू द्या. झाडलोट, पाणी, सगळं माझ्याकडं. हंगामात मला जमणार नाही तेव्हा ही लेकरं करतील, मी त्यांना विचारून ठेवलेलं आहे.

ठराव बदलायचा तर बैठक लागते, हे मला माहीत आहे. ती पुढच्या रविवारी घ्यावी अशी मी अध्यक्षांना विनंती करतो. आणि बैठकीला येण्याआधी प्रत्येकानं एकदा सकाळी आठच्या सुमाराला मागच्या भिंतीपाशी यावं. मोबाइल आणा. उन्हाच्या बाजूला उभे राहू नका, सावली पडते. पाच मिनिटं गप्प उभे राहा. कॉलेजच्या पोरांना पाच मिनिटं गप्प राहणं जड जाईल, पण प्रयत्न करा. आत्ता रुईवर दोन कोष आहेत. हिशेबानं सहा-सात दिवस राहिले आहेत.

नातीच्या वहीत ओवळ्याच्या बागेतले चौदा फोटो लागले. तिनं मला फोनवर विचारलं, "आबा, तुमच्या गावात किती सापडले?" मी सांगितलं, आतापर्यंत अकरा. ती म्हणाली, "मग दिवाळीच्या सुट्टीत मीच येते." आजवर ठाण्याचं लेकरू शिरड शहापूरला काही पाहायला म्हणून कधी आलं नव्हतं. ती येईल तेव्हा तिला दाखवायला ती दहा फूट माती शिल्लक असावी, एवढीच माझी इच्छा आहे.